कोपऱ्यातली रेघ

आमच्या दिवाणखान्यातील खिडकीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातून एक भेग निघते आणि तिरकी होत छताकडे जाते. केसाएवढी बारीक आहे. आल्यागेल्याच्या लक्षातही येत नाही. मी मात्र दर जूनमध्ये तिच्या टोकाशी पेन्सिलीने एक आडवी खूण करतो आणि शेजारी वर्ष लिहितो. आजवर दोनदा ती बुजवून झाली, वर लांबी भरून रंगही दिला, त्या रंगाखाली माझ्या खुणा गेल्या. पण दोन्ही वेळा पुढचा पावसाळा सरायच्या आत ती त्याच कोपऱ्यातून, त्याच तिरपेपणाने पुन्हा उमटली. यंदा तिने गेल्या वर्षीची खूण चार बोटे मागे टाकली, तेव्हा घरातल्यांचा धीर सुटला आणि गवंड्याला बोलावणे गेले. तिशीतला पोरगा असेल. त्याने भेगेच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराने टकटक करून पाहिले, थोडा वेळ मान कलती करून ऐकले आणि म्हणाला, “काका, प्लास्टरचा दोष नाही. भोक चौकोनी आहे ना, कोपऱ्यातनं फुटणारच.” एवढे बोलून तो सिमेंट-वाळूचा अंदाज सांगू लागला. मी प्रत्येक आकड्याला हो म्हणत गेलो, पण माझे लक्ष त्याच्याकडे नव्हते.

जवळजवळ हेच वाक्य मी तीस वर्षांपूर्वी डोंगराच्या पोटात ऐकले होते, आणि तेव्हा ऐकून न ऐकल्यासारखे केले होते.

शिक्षण संपवून मी भूशास्त्रज्ञ म्हणून सह्याद्रीतल्या एका जलविद्युत प्रकल्पाच्या बोगद्यावर रुजू झालो, तेव्हा मला खडकांची नावे येत होती, खडक येत नव्हता. सुरुंग उडाल्यावर धूर ओसरायला बराच वेळ लागे. मग पंख्याच्या कापडी नळीतून येणाऱ्या वाऱ्याबरोबर दारूचा उग्र वास, डिझेलचा वास आणि नुकत्याच फुटलेल्या ओल्या दगडाचा थंड, लोखंडासारखा वास एकमेकांत मिसळून अंगावर येई. सर्वांत आधी आत जायचा तो मुकादम, हातात दोन पुरुष लांबीची पहार घेऊन. माथ्यावरचे आणि खांद्यांवरचे सुटलेले दगड तो पहारीच्या टोकाने ठोकून पाडत असे. साइटवर याला सगळे ‘लूज काढणे’ म्हणत. बोगद्याला मराठीत तोंड असते, माथा असतो, खांदे असतात, पोटही असते; माणसाचे सारे अवयव आपण त्याला देऊन टाकले आहेत आणि मुकादम त्याला तपासायचाही तसाच, वैद्याने छाती ठोकून पाहावी तसा. ठोकल्यावर ‘ठण्ण’ वाजले तर तो दगड डोंगराचा. ‘भद्द’ वाजले तर तो आपला, म्हणजे आपल्या डोक्यावर येणारा. त्याचे ऐकून झाले की वही, होकायंत्र आणि हातोडी घेऊन माझे मोजणे सुरू होई. आपले काम त्याच्या कामापेक्षा वरच्या दर्जाचे आहे, अशी माझी त्या काळात प्रामाणिक समजूत होती.

मुख्य बोगद्याला लागून विजेच्या रोहित्रासाठी एक कोनाडा खोदायचा होता. चार मीटर रुंद, पाच मीटर खोल, आणि नकाशावर अगदी पेटीसारखा चौकोनी, कारण आत जी वस्तू ठेवायची ती पेटीसारखी होती. खडक उत्तम दिसत होता: घट्ट काळा पाषाण, हातोडीला दाद न देणारा. मी तपासून सही केली. मुकादमाने नकाशा आडवा-उभा फिरवून पाहिला आणि म्हणाला, “साहेब, माथा सपाट नको. थोडा बाक द्या, कोपरे मोडा. चौकोनी भोकाला डोंगर कोपऱ्यातनं फोडतो.” खडक चांगला आहे, असे मी त्याला समजावून सांगितले, आणि याला यातले काय कळणार, असे मनात म्हणालो. कोनाडा सपाट छताचा झाला. चौथ्या दिवशी छताच्या मधोमध, लांबीच्या दिशेने, पट्टीने आखल्यासारखी एक चीर दिसली. सहाव्या दिवशी भिंत आणि छत जिथे मिळतात त्या कोपऱ्यांतून तांबूस पाणी पाझरू लागले. आठव्या रात्री, जेवणाच्या सुट्टीत, आत कोणी नसताना, छताची लादी खाली आली. आवाज फार मोठा झाला नाही. भिजलेली गादी अंगणात टाकावी तेवढाच झाला. टॉर्च घेऊन आत गेलो तेव्हा लादीच्या पाठीवर वीतभर जाडीचा तांबड्या मातीचा थर होता, दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला, ज्याला आम्ही ‘बोल’ म्हणतो. हवा आणि पाणी लागले की तो भुसभुशीत होतो. छतापासून हातभर वर तो लपून बसला होता, आणि ज्याला मी खालून डोंगर समजलो होतो ती फक्त हातभर जाडीची फळी होती. तिच्यापाठोपाठ वरचा थोडा सैल खडकही आला होता, आणि जे शिल्लक उरले होते ते मध्ये उंच, कडांना उतरते, ओबडधोबड पण चटकन ओळखू येणारे होते.

आम्ही नाकारलेला बाक डोंगराने स्वतः घेतला होता.

‘मी सांगितले होते’ असे मुकादम म्हणाला नाही. त्याने पहार उचलली, त्या नव्या माथ्यावर चार ठिकाणी ठोकले, चारही ठिकाणी ‘ठण्ण’ ऐकले आणि एवढेच म्हणाला, “आता बसला.” ते ‘बसला’ माझ्या कानात अजून आहे. जावई पाटावर बसावा, गाडा चाकोरीत बसावा, तसा डोंगर आपल्या जागी बसला, असा त्याचा सूर होता.

बोगद्याविषयी बहुतेकांच्या मनात एक चित्र असते: वर डोंगराचे ओझे, खाली काँक्रीटची भक्कम कमान, आणि ती कमान ते ओझे पेलून धरते. हे चित्र फारसे खरे नाही. एक घनमीटर बसाल्ट पावणेतीन ते तीन टनांचा धरला, तर १०० मीटर खोलीवर प्रत्येक चौरस मीटरवर पावणेतीनशे टनांहून अधिक भार असतो. मालासकट दहा टन वजनाचे सत्तावीस-अठ्ठावीस ट्रक एका चटईएवढ्या जागेवर एकावर एक रचावेत तसा. एवढे ओझे फूटभर काँक्रीट उचलत नाही. ते उचलतो भोवतालचा खडकच. भोक पडण्याआधी जो भार त्या जागेतून सरळ खाली जात होता, तो आता वळसा घेऊन दोन्ही बाजूंनी जातो. दादरच्या पुलावर संध्याकाळी मधल्या खांबाशी गर्दी दुभंगते आणि खांबाच्या दोन्ही अंगांना माणसे खांदे घासत दाटतात, तसेच काहीसे. (खडकातला भार माणसांसारखा चालत नाही, तो जागच्या जागीच असतो, हे मला मान्य आहे, पण उपमेला एवढी सूट द्यावी.) खांब गोल असेल तर गर्दी त्याला लगटून वळते. खांब चौकोनी असेल तर दाटी कोपऱ्यांवर होते, आणि कोपर दुखावते ते कोपऱ्यावरच्याच माणसाचे.

या दाटीचा पहिला नीट हिशेब एर्न्स्ट गुस्ताव किर्श या जर्मन अभियंत्याने १८९८ मध्ये मांडला. त्याच्यापुढे डोंगर नव्हता, गोल भोक असलेली एक पट्टी होती. पण डोंगरालाही तो हिशेब लागू पडतो. दाब फक्त वरून असेल, तर गोल भोकाच्या दोन्ही कुशींवर मूळ दाबाच्या तिप्पट दाब येतो. माथ्यावर मात्र, जिथे आपल्याला सर्वांत जास्त भीती वाटते तिथे, दाब उरतच नाही. तिथे खडक उलट ताणला जातो, आणि तोही मूळ दाबाएवढ्याच जोराने. मराठीत आपण सगळ्यालाच ताण म्हणतो. परीक्षेचा ताण, संसाराचा ताण, भिंतीवरचा ताण. खडकाला हा ढिसाळपणा चालत नाही. दाबाखाली तो कितीतरी सोसतो, पण खेचले की त्याची ताकद साधारण दहाव्या हिश्शावर येते, आणि ज्याला आधीच चिरा आहेत त्याची जवळजवळ उरतच नाही. माझ्या कोनाड्याच्या सपाट छतात हेच झाले होते: फळीच्या खालच्या अंगाला ताण, मधोमध चीर, आणि मग वेळ येण्याची वाट. सुदैवाने डोंगर बाजूंनीही दाबत असतो. बाजूचा दाब वरच्या दाबाच्या एक तृतीयांश झाला, की गोल बोगद्याच्या माथ्यावरचा ताण नाहीसा होतो. आणि सगळीकडून दाब सारखाच असेल, तर परिघाच्या प्रत्येक बिंदूवर बरोबर दुप्पट दाब राहतो, कुठे कमी नाही आणि कुठे जास्त नाही. पहिल्यांदा हे सूत्र सोडवले तेव्हा ते फक्त गुणांसाठी सोडवले होते. त्या लादीनंतर पुन्हा सोडवले, तेव्हा रात्री दोन वाजेपर्यंत कंदिलापाशी बसून राहिलो.

चार्ल्स इंग्लिस या ब्रिटिश अभियंत्याने १९१३ मध्ये जहाजबांधणीच्या जाणकारांपुढे लंबवर्तुळाकार भोकाचे गणित मांडले. रुंदी उंचीच्या दुप्पट असलेले आडवे भोक वरच्या दाबाखाली आपल्या कुशींवर पाचपट दाब ओढवून घेते. तेच भोक उभे केले तर तो दुपटीवर येतो. भोकही तेच, खडकही तोच, फक्त ते निजले आहे की उभे आहे एवढाच फरक. कोपऱ्याची गोलाई जितकी लहान, तितका हा आकडा चढत जातो, आणि अगदी धारदार कोपऱ्यापाशी कागदावर तो अनंताला भिडतो. अनंत भार कोणताच दगड सोसत नाही. म्हणून कोपरा थोडा चुरतो, थोडा फुटतो, स्वतःला बोथट करून घेतो आणि मग थांबतो. ट्रकच्या चेसिसला चीर गेली, तर गॅरेजवाला वेल्डिंग करण्यापूर्वी त्या चिरेच्या टोकाशी ड्रिलने एक गोल भोक पाडतो. ज्याला इंग्लिसचे नाव ठाऊक असण्याचे काही कारण नाही, अशा माणसाच्या हातात ते गणित जसेच्या तसे असते. धातू आधीच फाटला असताना त्याला आणखी एक भोक पाडणे वरवर वेडेपणाचे दिसते. पण टोकदार चीर पुढे सरकते आणि गोल भोकाशी येऊन निवते, हे त्याने पाहिलेले असते.

खरे तर हे सगळे मला त्याच्याही आधी आमच्या गावाकडच्या विहिरीने दाखवले होते. मी पाहत होतो, पण वाचत नव्हतो. ती विहीर आजोबांच्या वडिलांनी वडारांकडून खणून घेतली होती. मध्ये खुंटी ठोकून, दोरीने वर्तुळ आखून. वर मुरूम, त्याखाली पांढऱ्या ठिपक्यांचा मांजऱ्या खडक, आणि तळाशी काळा पाषाण. मोट चालवायची म्हणून एक बाजू मात्र सरळ ठेवली होती. त्या बाजूला दगडी बांधकाम होते, थारोळे होते, बैलांची धाव होती. मी पाचवीत असताना एका पावसाळ्यात आठवडाभर झड लागली, मुरूम पाणी पिऊन जड झाला, आणि एका पहाटे ती सरळ बाजू दगडांसकट विहिरीत गेली. गोल भाग, ज्याच्या मुरमाला बांधकामाचा एक दगडही नव्हता, तो जसाच्या तसा उभा. आम्ही पोरे काठावर पोटावर पडून खाली पाहत होतो. पाण्याला तांबडा रंग आला होता आणि कडेने मातीचे लहान लहान ढेकूळ अजून सुटून ‘डुबुक’ करत होते. विहीर म्हणजे उभा बोगदाच. भोवतालची जमीन तिला सगळीकडून आत ढकलत असते, आणि वर्तुळातला प्रत्येक कण शेजारच्या कणाला रेटून धरतो, म्हणून आत कोणीच पडत नाही. जितके जोराने ढकलावे तितके ते कडे घट्ट. सरळ भिंतीला असा शेजार नाही. तिला फक्त स्वतःच्या जाडीवर उभे राहावे लागते. मोट जाऊन पंप येऊन तेव्हा कितीतरी वर्षे लोटली होती, सरळ बाजूची गरजच उरली नव्हती. आजोबांनी दुसऱ्या वर्षी ती बाजूही गोल करून घेतली, आणि त्याविषयी ते कधी काही बोलल्याचे मला आठवत नाही.

इथे थांबून ‘कमान चांगली, सपाट वाईट’ असा नियम करावासा वाटतो, आणि तो मी बरीच वर्षे केलाही होता. तो अजिंठ्यात मोडला. तिथल्या विहारांची छते सपाट आहेत आणि दीड हजार वर्षे ती माणसांच्या माथ्यावर शांतपणे आडवी पसरून आहेत. चौथ्या क्रमांकाचे लेणे तिथला सर्वांत मोठा विहार. त्याच्या छतात खडकाचा दोष निघाला, तेव्हा कारागिरांनी छताची पातळीच वर नेली, म्हणजे सुटणारा भाग स्वतःच काढून टाकला. लूज काढणेच म्हणायचे ते. त्या मंडपात मी कितीतरी वेळ चित्रांच्या शोधात आलेल्या लोकांच्या मध्ये उभा राहून फक्त वर बघत होतो. सपाट छत टिकते, कारण तिथे डोंगराची खोली फार नाही, लाव्ह्याचा प्रवाह जाड आणि एकसंध आहे, आणि छताची मोठी झेप खांबांच्या रांगांनी तोडून लहान केली आहे. आडव्या थरांच्या खडकात तर कमान कापणे कधी कधी नुकसानीचेच ठरते: थर तिरके छेदले जातात आणि खांद्यांवर त्यांच्या पातळ, अधांतरी कडा उरतात. म्हणूनच कोळशाच्या खाणीत एखादा भक्कम थर गाठून छत त्याच्या पातळीत सपाटच ठेवतात आणि ते बोल्ट मारून वरच्या थरांना शिवून टाकतात. आकार चांगला की वाईट, हे एकट्या आकाराला विचारून कळत नाही.

कार्ल्याला गेलो की मात्र मन पुन्हा कमानीकडे झुकते. सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर उंच असा तो चैत्य, आणि वर डोंगराच्या आतून कोरलेली ती गोलाकार छताची पोकळी. तिला लाकडी कमानी लावलेल्या आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीच्या, सागवानी. खरी गंमत अशी की त्या कमानी काहीही पेलत नाहीत. लाकडी मंडपांची सवय झालेल्या डोळ्यांसाठी त्या तिथे आहेत. ओझे सारे खडकाने आपल्यातच वळवून घेतले आहे, आणि छताने लाकडाला आधार द्यावा अशी उलटीच गत आहे. आमच्या बोगद्यांत आम्ही पोलादी रिब, म्हणजे कमानीसारख्या फासळ्या, उभ्या करायचो, तेव्हा मला कित्येकदा ते लाकूड आठवे. रिब निरुपयोगी असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. वाईट खडकात त्यांनी माणसे वाचवलेली आहेत. पण चांगल्या खडकात, चांगल्या आकारात, त्यांच्यावर येणारे ओझे मोजले की ते लाजिरवाणे कमी भरते. राब्सेविच या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९६४ च्या सुमारास जगापुढे ठेवलेल्या, बोगदे खणण्याच्या नव्या पद्धतीचा गाभा हाच होता: खडक हा भार नव्हे, तोच मुख्य आधार, त्याला थोडे हलू द्या, पण सुटू देऊ नका, आणि त्यासाठी बोल्ट व फवारलेल्या काँक्रीटची पातळ साल पुरते. आमच्या मुकादमाला हे एका क्रियापदात सांगता येत होते.

माझ्या ज्ञानाला दुसरा धक्का कॅनडाने दिला. मॅनिटोबा प्रांतात पिनावाजवळ ग्रॅनाइटमध्ये ४२० मीटर खोलीवर एक प्रयोगशाळा होती, आणि तिथे १९९० च्या सुमारास साडेतीन मीटर व्यासाचा, अगदी गोल बोगदा सुरुंगाचा एक दाणाही न वापरता हलक्या हाताने खणला गेला. चांगला खडक, आदर्श आकार, दुखापत नाही. तरीही माथ्यावर आणि तळाशी खडकाचे पापुद्रे सुटू लागले, नखाएवढे, मग तळहाताएवढे, आणि शेवटी वर-खाली इंग्रजी व्हीच्या आकाराच्या दोन खाचा पडल्या. कारण त्या जमिनीत आडवा दाब उभ्या दाबाच्या पाचपटीहून जास्त होता: ६० मेगापास्कल (हे दाब मोजण्याचे एकक) विरुद्ध ११. वर्तुळ सगळ्यांना सारखे वागवते. तो खडक सारखा वागवणारा नव्हता. अशा ठिकाणी भोकाने आडवे निजावे, ज्या बाजूने जास्त रेटा त्या बाजूला लांब व्हावे, असे इंग्लिसचे गणित सांगते. आमच्या डोंगरात जी मुद्रा घातक, तीच तिथे सुरक्षित. त्या खाचांची छायाचित्रे मी प्रथम पाहिली तेव्हा पोटात कसेसे झाले. खाच खोल होत गेली, टोकदार झाली आणि एका क्षणी थांबली. हव्या असलेल्या आकारापर्यंत पोचून खडक गप्प बसला होता, माझ्या कोनाड्यासारखाच, फक्त इथला हवा असलेला आकार कमान नव्हता.

आणि तरीही प्रत्यक्षात आपण बहुतेक बोगदे खणतो ते इंग्रजी डी अक्षर आडवे पाडल्यासारखे: वर अर्धवर्तुळ, बाजूंना सरळ भिंती, खाली सपाट जमीन. कारण डोंगराला काय हवे याच्याइतकेच ट्रकला काय हवे हेही पाहावे लागते, आणि ट्रक गोल जमिनीवर उभा राहत नाही. १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटाच्या रुळांवरून जाताना मी आजही दाराशी उभा राहतो. बोगद्यात शिरताच आवाज बदलतो, अंगावर गारवा येतो, आणि गाडीच्या उजेडात काळ्या खडकाचे ओले माथे झपाझप मागे जातात. काही ठिकाणी अस्तरही नाही, फक्त छिन्नीला आणि सुरुंगाला उरलेला डोंगर. भिंत आणि जमीन जिथे मिळतात तो कोपरा कोणी पाहत नाही. डी आकाराची सगळी तडजोड तिथे साठलेली असते, पण चांगल्या बसाल्टला ती परवडते. मऊ जमिनीला परवडत नाही. कोकण रेल्वेच्या बोगद्यांपैकी नऊ बोगदे चिकणमातीसारख्या मऊ जमिनीतून काढावे लागले आणि त्यांनी कातळातल्या साडेसहा किलोमीटरच्या करबुड्याच्या बोगद्यापेक्षा जास्त छळले. गोव्यातला पेडण्याचा बोगदा त्यांतला. २०२४ च्या जुलैमध्ये त्यात पाणी शिरून वाहतूक थांबली होती, ते आठवत असेल. अशा जमिनीत माथ्याची कमान कितीही देखणी करा, तळ सपाट आणि उघडा राहिला की माती खालून वर फुगते. तिथे तळालाही उलटी कमान द्यावी लागते आणि कडे पूर्ण मिटवावे लागते, विहिरीसारखे.

मुंबईच्या मेट्रो ३ साठी सतरा यंत्रांनी जमिनीखाली गोलच भोके पाडली. फिरणाऱ्या यंत्राला दुसरा आकार येत नाही, आणि जमिनीलाही तो चालतो. असा दोघांचा मेळ क्वचित बसतो. प्रवाशाला मात्र त्यातली गोलाई दिसत नाही, कारण खालचा भाग भरून रुळांसाठी सपाट केलेला असतो. याच्या अगदी उलट मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाच्या ‘मिसिंग लिंक’चे बोगदे, लोणावळ्याच्या तलावाखालून जाणारे, वीस मीटरांहून अधिक रुंद. इतक्या रुंदीला पूर्ण अर्धवर्तुळ द्यायचे तर उंची अफाट होईल आणि हजारो घनमीटर खडक विनाकारण बाहेर काढावा लागेल; म्हणून कमान चपटी करावी लागते, आणि चपटी कमान खांद्यांवर जोराने रेटते. असे भोक एकदम पाडत नाहीत, तुकड्यातुकड्याने मोठे करतात, म्हणजे प्रत्येक टप्प्याला खडकाला नवा वळसा शिकायला वेळ मिळतो. त्या बोगद्यांची छायाचित्रे पाहताना मला अभिमान वाटतो आणि त्याच वेळी नजर आपोआप खांद्यांकडे जाते. सवय वाईट असते.

गवंडी दुसऱ्या दिवशी सकाळी आला. त्याने छिन्नीने भेगेच्या दोन्ही बाजूंचे प्लास्टर हातभर रुंदीत काढले. खाली विटेचा तांबडा रंग उघडा पडला आणि खोलीत तोच जुना, ओल्या मातीचा वास पसरला. मी धीर करून विचारले, “कोपराच गोल करता येईल का?” तो हसला. “काका, मग खिडकी कुठली बसवणार?” बरोबर होते. आमची खिडकीही पेटीसारखीच आहे. त्याने पिशवीतून तारेची जाळी काढली, कात्रीने तिचा लांबट तुकडा कापला आणि कोपऱ्यावर तिरका ठेवला, भेगेला बरोबर आडवा, काटकोनात. हे त्याला कोणी शिकवले, असे विचारल्यावर म्हणाला, “शिकवायचं काय त्यात? ती ज्या बाजूला उघडते, त्या बाजूनं धरायची.” खिळे ठोकताना तो प्रत्येक खिळ्याआधी विटेवर हातोडीची एक हलकी टिचकी मारून ऐकत होता. मग पाणी शिंपडले, माल भरला, ओळंब्याने पाहिले, थापी फिरवली. दुपारपर्यंत कोपरा करडा, ओलसर आणि कोरा झाला होता. माझ्या साऱ्या खुणा, वर्षांसकट, खालच्या घमेल्यात प्लास्टरच्या खपल्यांत पडल्या होत्या. हात धुता धुता तो म्हणाला, “पुढच्या जूनमध्ये फोन करा काका. आली तरी इथनं नाही येणार, जाळीच्या कडेनं येईल.”

तो गेल्यावर मी स्टूल घेऊन वर चढलो आणि त्या ओल्या प्लास्टरवर, जाळीची कड जिथे असेल असे वाटले तिथे, पेन्सिलीने यंदाचे वर्ष लिहिले.